फीडबॅकचा फॉर्म काढण्याआधी

नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय संस्था) 2017 च्या चौकटीतल्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणात 21 प्रश्न ठरलेले होते: 20 पर्यायांचे, 1 मोकळा. त्यांत कॉलेजला काना-मात्राही बदलता येत नव्हता. दर सत्राचा स्वतःचा फॉर्म मात्र आपल्याच हातात असतो. तोही आयक्यूएसीतले (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षातले) दोघंतिघं जुना उघडून तारीख बदलून काढतात, तिथेच घोडं पेंड खातं.

म्हणून सत्र सुरू होताच 8 ते 10 विद्यार्थ्यांची समिती करा. नुसते वर्गप्रतिनिधी आणि पहिले आलेले नकोत. एटीकेटी असलेला, 'कमवा आणि शिका'तला, हॉस्टेलवरचा असा एकेक तरी हवाच. पहिलं लेक्चर साडेसातला ठेवलं की काय होतं, ते एसटीने येणारीच सांगू शकते.

पहिल्या बैठकीला दीड तास काढा. जुन्या फॉर्ममधला एकेक प्रश्न मोठ्याने वाचायला लावा आणि काय समजलं ते प्रत्येकाला सांगू द्या. 'शिक्षक वेळेवर येतात व प्रभावीपणे शिकवतात' इथे सगळे अडतात. सर वेळेवर येतात, पण शिकवलेलं कळत नाही. मग खूण कुठे करायची? त्याचे दोन प्रश्न करा. 'प्रयोगशाळेतील साधने पुरेशी आहेत का?' यापेक्षा 'मागच्या प्रॅक्टिकलला एका मायक्रोस्कोपवर तुम्ही किती जण होतात?' असं विचारा. उत्तरांतून खरेदीचा आकडाच हाती येतो. संलग्न कॉलेजात अभ्यासक्रम विद्यापीठाचा, तेव्हा त्यावर फार प्रश्न घालवू नका. एकूण 12 ते 15 पुरेत, मराठीतही हवेत.

मग समितीबाहेरच्या पाच-सहा जणांकडून भरून घ्या. आठ मिनिटांच्या वर वेळ गेला तर प्रश्न कमी करा.

ओळख उघड होण्याची भीती खरी असते, ती नुसत्या आश्वासनाने जात नाही. गूगल फॉर्ममध्ये ईमेल गोळा करण्याची सोय बंद आहे, हे समितीतल्या मुलांना सेटिंग उघडून दाखवा. तिसऱ्या वर्षाला सातच जण असतील तर त्यांचा वेगळा तक्ता काढू नका, मोकळी उत्तरंही शिक्षकांना जशीच्या तशी देऊ नका. भाषेवरून माणूस कळतो. अंतर्गत गुण भरायच्या आठवड्यात फॉर्म निघाला की सगळीकडे 'उत्तम'च येतं. सहावा-सातवा आठवडा धरा, म्हणजे झालेला बदल त्याच मुलांच्या वाट्याला येतो. भरताना संबंधित शिक्षक वर्गाबाहेर असावेत.

निष्कर्ष फलकावर कधी लागणार ती तारीख फॉर्मवरच छापा. फलकावर सूचना, निर्णय आणि जबाबदारी कोणाकडे ते लिहा. नाकारलेली सूचनाही कारणासकट. हा मजकूर आधी समितीतल्या विद्यार्थ्यांना वाचायला द्या, मगच प्राचार्यांच्या सहीला पाठवा.