सुई-दोरा न घेता ख्रिसमस ट्रीचा स्कर्ट

ख्रिसमस ट्री कितीही देखणं सजवलं तरी नजर खाली गेली की स्टँडचे पाय, स्क्रू आणि दिव्यांच्या वायरींचा गुंता दिसतोच. तो झाकण्यासाठी बुंध्याभोवती गोल कापड पसरतात, तोच ट्री स्कर्ट. घरी करायला शिवणयंत्र लागत नाही, सुईही लागत नाही. योग्य कापड निवडलं आणि गोलाई नीट कापली की निम्म्याहून जास्त काम झालं. सजावट त्यानंतरची.

कापड

साध्या सुती कापडाला कात्री लावली की कडेचे धागे सुटू लागतात. माझा पहिला स्कर्ट सुतीच होता. कडेला ग्लू फिरवूनही आठवड्याभरात सगळीकडे दशा लोंबायला लागल्या. फेल्टचं तसं होत नाही. ते विणलेलं नसतं. तंतू एकमेकांत गुंतवून, दाबून तयार केलेलं असतं. त्यामुळे कापलेली कड जशीच्या तशी राहते. फ्लीसचेही धागे सुटत नाहीत आणि ते छान मऊ पडतं, पण ताणलं जातं. पहिल्यांदाच करत असाल तर फेल्टच घ्या, तेही जरा जाड. पातळ फेल्टवर चुण्या पडतात आणि ग्लूचा डाग वर उमटतो.

सहा-सात फुटी झाडाला ४८ इंच व्यासाचा स्कर्ट शोभतो, म्हणजे ४८ इंचांचा चौकोनी तुकडा लागेल. टेबलावरच्या दोन-तीन फुटी झाडाला २४ ते ३० इंच पुरे. कापड घेण्याआधी स्टँड एका पायाच्या टोकापासून समोरच्या टोकापर्यंत मोजा. स्कर्ट त्याच्या बाहेर चहूबाजूंनी निदान सहा इंच तरी यायला हवा.

गोल आखणं आणि कापणं

खरी काळजी इथे घ्या. कापडाची चौघडी करून एकदाच कापण्याची पद्धत सर्रास दिसते, पण जाड फेल्टचे चार थर कात्रीखाली सरकतात आणि गोल वेडावाकडा होतो. मी एकच घडी घालते. घडीच्या बरोबर मध्यावर खूण करा आणि दोन्ही थर टाचण्यांनी धरून ठेवा.

आता न ताणणारी दोरी घ्या, सुतळी उत्तम, लोकर नको. एक टोक खडूला बांधा आणि खडूपासून २४ इंचांवर दोरी मध्याच्या खुणेवर अंगठ्याने घट्ट दाबा. खडू सरळ उभा धरून घडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अर्धवर्तुळ काढा. खडू तिरका झाला की रेघ लगेच आत-बाहेर जाते, म्हणून सावकाश. त्याच खुणेवरून दोरी अडीच-तीन इंचांची करून बुंध्यासाठी छोटं अर्धवर्तुळ आखा. बुंधा किंवा दांडा बारीक असेल तर दोन इंचही चालतात.

कापताना लांब पात्याची कात्री वापरा आणि पाती पूर्ण मिटू देऊ नका. दर वेळी मिटली की कडेला दाते पडतात. हात फिरवण्यापेक्षा कापड फिरवा.

मग कापड उलगडा. मधोमध घडीची रेघ दिसेल. बाहेरच्या कडेपासून मधल्या भोकापर्यंत, फक्त एकाच बाजूला, त्या रेघेवर चीर द्या. घाईत समोरच्या बाजूलाही कात्री चालली तर हातात दोन अर्धे तुकडे येतात.

काठ आणि सजावट

४८ इंची गोलाचा घेर सुमारे १५१ इंच भरतो, म्हणजे ३.८ मीटरच्या आसपास. चिरेच्या दोन्ही कडांनाही लेस लावायची तर ५ मीटर घ्या. लेस, पॉमपॉमची पट्टी, दुसऱ्या रंगाच्या फेल्टची कातरलेली पट्टी, काहीही शोभतं. एका वेळी वीतभर जागेतच ग्लू लावा, लेस दाबा, मग पुढे सरका. गोलावर लेस ओढून चिकटवली तर कड आत वळते, म्हणून ती सैल सोडा.

ग्लू गनने काम झटपट होतं, पण तो ग्लू कडक होतो आणि बोटं भाजतात. लेस बोटाने न दाबता लाकडी काडीने दाबा. मला फॅब्रिक ग्लू जास्त आवडतो. त्याला रात्रभर वाळू द्यावं लागतं, पण कापड लवचीक राहतं. चांदण्या, पानं, हिमकण वेगळ्या रंगाच्या फेल्टमधून कापून आधी नुसते मांडून बघा, मग चिकटवा. ते बाहेरच्या कडेजवळ असू द्या. मधला भाग फांद्यांखाली जातो, तिथली मेहनत कुणालाच दिसत नाही.

बंद करायला चिरेच्या दोन्ही कडांवर समोरासमोर रिबिनीच्या तीन जोड्या उलट बाजूने चिकटवा. वेल्क्रोही चालतं. चीर मागे, भिंतीकडे ठेवली की गाठी दिसत नाहीत.

झाड खरं असेल आणि स्टँडमध्ये पाणी घालत असाल तर स्कर्टखाली प्लॅस्टिकचा कागद अंथरा. मेणबत्त्या दूरच ठेवा. बाजारातलं बरंचसं फेल्ट कृत्रिम धाग्याचं असतं आणि ते पेटतं. त्याच कारणाने इस्त्री मंद, वर सुती कापड टाकून. सण संपला की घडी घालू नका, पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून ठेवा.