घरबसल्या स्लोव्हेनिया पाहताना या चुका टाळा

स्लोव्हेनियाचे क्षेत्रफळ अवघे २०,२७३ चौरस किलोमीटर, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा थोडेसेच अधिक आहे. त्यामुळे संगणकावर आभासी सफर करणाऱ्या अनेकांना हा देश एका संध्याकाळी पाहून होईल असे वाटते. सर्वाधिक निराशा याच समजुतीतून येते. वायव्येला आल्प्सची शिखरे, नैर्ऋत्येला एड्रियाटिकचा चिंचोळा किनारा, त्यांच्यामध्ये चुनखडीचा पोखरलेला प्रदेश आणि निम्म्याहून अधिक भूमीवर जंगल, अशी या देशाची रचना आहे. ब्लेडच्या तळ्यावरून पिरानच्या बंदरावर आणि तेथून राजधानी ल्युब्ल्यानात उड्या मारत गेल्यास सुट्या चित्रांपलीकडे काही हाती लागत नाही. एका बैठकीला एकच खोरे किंवा एकच रस्ता घ्यावा.

रस्ताच निवडायचा तर १,६११ मीटर उंचीचा व्रशिच घाट घ्यावा, असे माझे मत आहे. पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांच्या श्रमांतून तयार झालेल्या या घाटाला ५० वळणे असून प्रत्येक वळणावर क्रमांक आणि उंची लिहिलेली पाटी आहे. गूगल मॅप्सच्या स्ट्रीट व्ह्यूमध्ये, म्हणजे रस्त्यावरून टिपलेल्या चित्रांत, बाण भराभर दाबत गेल्यास घाट काही मिनिटांत संपतो आणि आठव्या वळणाजवळ, रस्त्यापासून थोडे आत असलेले लाकडी रशियन चॅपल नजरेतून निसटते. १९१६ च्या मार्चमधील हिमस्खलनात गाडल्या गेलेल्या कैद्यांचे ते स्मारक आहे. प्रत्येक पाटीपाशी थांबून दृश्य चारही बाजूंना फिरवून पाहिले, तरच चढ कळतो.

थेट प्रक्षेपणाच्या कॅमेऱ्यांबाबत येणारी ‘पडदा काळा दिसतो’ ही तक्रार बहुधा घड्याळाची असते. तेथील वेळ भारताच्या मागे, हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास असते; त्यामुळे डिसेंबरात आपल्याकडे सकाळचे आठ वाजलेले असताना ब्लेडला पहाटेचे साडेतीन झालेले असतात. हिवाळ्यात भारतीय वेळेनुसार दुपारी एक ते रात्री आठ ही वेळ पाहण्यास सोयीची ठरते. पडदा काळ्याऐवजी पांढरा दिसला, तरीही कॅमेरा बिघडला असे समजण्याची घाई करू नये. शरद ऋतूत आणि हिवाळ्यात थंड हवा खाली साचून ल्युब्ल्यानाच्या खोलगट भागात दिवसभर धुके राहू शकते, आणि त्याच वेळी त्रिग्लाव या देशातील सर्वोच्च शिखराच्या खांद्यावर, अडीच हजार मीटर उंचीवरच्या क्रेदारित्सा हवामान केंद्रापाशी लख्ख ऊन असू शकते. म्हणून शहराचा कॅमेरा पांढरा दिसताच डोंगरावरचा उघडावा. उन्हाळ्यात मात्र दुपारनंतर शिखरांभोवती ढग जमतात, तेव्हा डोंगर तेथील सकाळीच पाहून घ्यावेत.

नकाशावर विश्वास ठेवावा की नाही, असा प्रश्न चुनखडीच्या प्रदेशात हमखास पडतो. रेका नदीचा माग काढत गेल्यास श्कोत्स्यानपाशी निळी रेघ एकाएकी तुटते आणि चित्र पूर्ण उतरले नाही असे समजून लोक पान पुन्हा पुन्हा उघडत बसतात. वास्तविक चुनखडी पाण्यात विरघळून तयार झालेल्या गुहेत ती नदी खरोखरच शिरते आणि तीस किलोमीटरांहून अधिक अंतर जमिनीखालून कापून इटलीत तिमाव्हो या नावाने बाहेर पडते. त्सेर्क्नित्साचे सरोवरही असेच फसवे आहे: पावसाळी शरदात आणि बर्फ वितळताना ते भरते, उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी जमिनीतील विवरांतून निघून जाते आणि उपग्रहचित्रात फक्त कुरण दिसते. गूगल अर्थवर जुन्या तारखांची चित्रे उघडून भरलेले आणि आटलेले सरोवर लागोपाठ पाहावे. माझ्या मते या देशातील हा सर्वांत शिकवणारा आभासी फेरफटका आहे. उपग्रहाला डोंगराच्या पोटातले दिसत नाही, त्यामुळे पोस्तोइनाच्या गुहेसाठी, जिथे १८७२ पासून पर्यटकांकरिता रूळ आहेत, आतून घेतलेले व्हिडिओच शोधावे लागतात.

गावात फिरताना स्ट्रीट व्ह्यू उघडणारे पिवळ्या माणसाचे चिन्ह नकाशावरच्या निळ्या रेघेवरच सोडण्याची सवय आडवी येते. ती रेघ मुख्यतः मोटारीने टिपलेल्या रस्त्यांची असते, तर ल्युब्ल्यानाच्या जुन्या भागात मोटारींना बंदी आहे. वास्तुविशारद योझे प्लेच्निक यांनी घडवलेल्या तिहेरी पुलासारख्या जागी निळे ठिपके, म्हणजे लोकांनी चढवलेली गोलाकार छायाचित्रे, अधिक उपयोगी पडतात. मात्र ती कधीकधी चुकीच्या जागी चिकटवलेली असतात, हे ध्यानात असू द्यावे. कोणत्याही दृश्यातील चित्राची तारीखही पाहावी, कारण समोर दिसणारी हिरवळ अनेक वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातली असू शकते.

राहिला प्रश्न सपाट दिसणाऱ्या डोंगरांचा. आधी त्रिमितीय दृश्य सुरू आहे का ते पाहावे, आणि चित्र अडखळत असेल तर ब्राउझरच्या सेटिंगमधील हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन, म्हणजे चित्र रेखाटण्याचे काम संगणकाच्या ग्राफिक्स चिपकडे सोपवणारी सोय, चालू करावे. तरीही डोंगर बसकेच वाटले, तर दोष बहुधा पाहण्याच्या कोनाचा असतो: २,८६४ मीटर उंच त्रिग्लावची सुमारे एक हजार मीटरची उत्तर भिंत थेट वरून नुसती राखाडी पट्टी दिसते. गूगल अर्थमध्ये शिफ्ट कळ दाबून माउस ओढावा आणि व्राता दरीच्या तळाशी उतरून दक्षिणेकडे नजर वळवावी, म्हणजे ती भिंत तिच्या पुऱ्या उंचीनिशी समोर उभी राहते.