न्यायदर्शनाच्या रीतीने आपला मुद्दा कसा तपासावा

‘उगाच वितंडवाद घालू नकोस’ असं आपण सर्रास म्हणतो, पण वितंडा म्हणजे नुसतं भांडण नव्हे. न्यायदर्शन म्हणजे तर्काचं प्राचीन भारतीय शास्त्र. त्याचा मूळ ग्रंथ म्हणजे गौतम ऋषींची न्यायसूत्रं, त्यांत चर्चेचे तीन प्रकार आहेत. खरं काय ते ठरवण्यासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची फक्त खोडून काढायची, ती वितंडा. यांतलं काय करायला बसलोय, ते आधी मनाशी ठरवा. पुढच्या पायऱ्या वादासाठी आहेत.

पहिल्यांदा मुद्दा कागदावर एका वाक्यात लिहा: ‘मित्र माझ्यावर रागावलाय.’ ही प्रतिज्ञा. (इथे शपथेचा संबंध नाही.) त्याखाली कारण लिहा: ‘कारण तो फोन उचलत नाही.’ हा हेतू. बहुतेक जण इथवर येऊन थांबतात.

खरी कसोटी तिसऱ्या पायरीवर, म्हणजे उदाहरणात. न्यायातला नेहमीचा दाखला घ्या: डोंगरावर विस्तव आहे, कारण धूर दिसतोय. जिथे जिथे धूर तिथे तिथे विस्तव, जसा स्वयंपाकघरात. यातला ‘जिथे जिथे, तिथे तिथे’ हा नियम म्हणजे व्याप्ती. ती मोडणारा एक तरी दाखला मिळतो का, ते हट्टाने शोधा. हाच नियम उलटा करून पाहा: जिथे विस्तव तिथे धूर. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं. अशा लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात.

आता आपल्या मित्राची व्याप्ती लिहा: ‘जो जो फोन उचलत नाही, तो तो रागावलेला असतो.’ लिहितानाच हसू येतं. झोपलेला माणूसही फोन उचलत नाही. असा हेतू ‘सव्यभिचार’, म्हणजे दोन्हीकडे लागू पडणारा. मित्र रागावलेला नाही, असं मात्र यातून ठरत नाही. तो खरंच रागावला असेल. फक्त या कारणावरून ते सिद्ध होत नाही, एवढंच.

हेतू टिकला तरच पुढे जा. ‘या डोंगरावर तसाच धूर आहे’ हा उपनय, ‘म्हणून इथे विस्तव आहे’ हे निगमन. दोन ओळींचं काम. ग्रीक तत्त्वज्ञ अॅरिस्टॉटलच्या तर्काच्या तीन वाक्यांच्या रचनेत दाखला द्यावा लागत नाही. मला इथला दाखल्याचा आग्रह आवडतो. त्याने नियम हवेत तरंगत राहत नाही.

दुसऱ्याशी बोलताना आधी त्याचा पूर्वपक्ष, म्हणजे त्याची बाजू, मांडा, तोही असा की त्याने ‘हो, हेच म्हणतोय मी’ म्हणावं. मग उत्तर द्या. शब्दांवर लक्ष असू द्या. वाक्छलाचा, म्हणजे बोलणाऱ्याच्या शब्दाचा मुद्दाम भलताच अर्थ घेण्याचा, जुना दाखला आहे: कुणी ‘नवकंबल’ म्हटलं, म्हणजे नवी घोंगडी पांघरलेला, समोरच्याने ‘नव’चा अर्थ नऊ घेतला आणि विचारलं, ‘नऊ कुठायत, एकच तर दिसतेय!’ अशा वेळी अर्थ ठरवून घ्या. तरीही तो घोंगड्याच मोजत बसला, तर वाद कधीच संपलाय आणि जल्प सुरू झालाय.