वेगवान रॅम घेताय? गेमिंग पीसीत हमखास होणाऱ्या या चुका टाळा

गेमिंग पीसी नवा असेल आणि रॅम महागातली असेल, तर आधी एक काम करा. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा आणि खाली ‘स्पीड’समोरचा आकडा वाचा. खोक्यावर ६००० आणि इथे ४८०० दिसत असेल, तर ज्या वेगाचे पैसे मोजलेत तो अजून चालूच झालेला नाही. पीसी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून आणलेला असो की घरी स्वतः जोडलेला, हा प्रकार सर्रास दिसतो.

कारण साधं आहे. खोक्यावरचा मोठा आकडा हा कंपनीने तपासून दिलेल्या ओव्हरक्लॉक (प्रमाणित वेगापेक्षा जास्त वेगाच्या) प्रोफाइलचा असतो. नवा मदरबोर्ड पहिल्यांदा चालू होतो तेव्हा तो ती प्रोफाइल स्वतःहून लावत नाही, ठरलेल्या प्रमाणित वेगावर चालतो. रॅमची नवी पिढी डीडीआर५ बहुतेक वेळा ४८०० किंवा ५६०० वर, आणि तिच्या आधीची डीडीआर४ २१३३, २४०० किंवा २६६६ वर. म्हणून बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन ही प्रोफाइल, म्हणजे इंटेलच्या बोर्डावर एक्सएमपी आणि एएमडीच्या एएम५ (नव्या रायझन प्रोसेसरांच्या) बोर्डावर एक्स्पो, चालू करावी लागते. एवढंच काम, पण ते कुणीतरी करावं लागतं. पीसी ताब्यात घेताना दुकानातच हा आकडा दाखवायला सांगा.

इथे एक गोंधळ होतो. सीपीयू-झेड नावाच्या प्रोग्रॅममध्ये पाहिलं तर ६००० च्या रॅमची फ्रिक्वेन्सी ३००० दिसते आणि लोक घाबरतात. काही बिघडलेलं नाही. डीडीआर रॅम घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते, म्हणून तिथला आकडा दुप्पट करून वाचायचा.

एकच स्टिक (रॅमची पट्टी) घेणं

‘आत्ता १६ जीबीची एक घेतो, पुढे दुसरी टाकू’ हा विचार खिशाला पटतो, आणि गेमिंगमध्ये सर्वांत जास्त नुकसान तोच करतो. प्रोसेसरला मेमरीपर्यंत दोन रस्ते (चॅनेल) असतात. एक स्टिक म्हणजे त्यातला एक बंद. ३२०० च्या डीडीआर४ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी देते, दोन मिळून ५१.२. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या पीसीत, म्हणजे रायझन ५ ५६००जी किंवा ८६००जी घेऊन सुरुवात करणाऱ्यांकडे, हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण तिथे गेमचं चित्रही याच रॅममधून काढलं जातं.

डीडीआर५ आल्यापासून एक नवी समजूत पसरली आहे: ‘डीडीआर५ची एकच स्टिक ड्युअल चॅनेल असते.’ हे खरं नाही. डीडीआर५च्या प्रत्येक स्टिकमध्ये ३२ बिटांचे दोन उपमार्ग असतात, पण दोन्ही मिळून ६४ बिटच होतात. सीपीयू-झेडमध्ये चॅनेलसमोर ‘२ x ३२ बिट’ असेल तर एकच रस्ता चालू आहे. ‘४ x ३२ बिट’ दिसायला हवं.

दोन स्टिक आहेत तरी ते दिसत नसेल, तर त्या चुकीच्या खाचांत बसवल्या आहेत. चार खाचांच्या बोर्डावर प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी खाच वापरायची. पहिल्या दोन शेजारी म्हणून त्यात दोन्ही खोचून दिल्या, तर दोन्ही एकाच रस्त्यावर येतात. बोर्डावर ए२ आणि बी२ असं बारीक छापलेलं असतं, तेही बघून घ्या.

आणखी एक गोष्ट, जी विकणारा सहसा सांगत नाही. डीडीआर५मध्ये ८ जीबीच्या स्टिक टाळा. त्यांत चिप कमी आणि वेगळ्या रचनेच्या असतात, चिपमधल्या डेटाच्या कप्प्यांचे (बँकांचे) गट निम्मे असतात, त्यामुळे तोच आकडा छापलेला असूनही त्या १६ जीबीच्या स्टिकइतक्या चपळ नसतात. डीडीआर५ घ्यायची तर १६ च्या दोन, असं माझं स्पष्ट मत आहे. आजच्या मोठ्या गेमना, मागे ब्राउझर आणि डिस्कॉर्ड चालू ठेवून, ३२ जीबी जास्त होत नाहीत.

फक्त मोठा आकडा बघणं

६०००, ६४००, ७२०० या आकड्यांशेजारी सीएल नावाचा दुसरा आकडा असतो. मागितलेला डेटा यायला घड्याळाचे किती ठोके लागतात, ते तो सांगतो. दोन्ही मिळूनच खरा हिशेब होतो: सीएलला २००० ने गुणा आणि वेगाने भागा, उत्तर नॅनोसेकंदांत येतं. ६००० सीएल३० म्हणजे १० नॅनोसेकंद, ६००० सीएल३६ म्हणजे १२, ५६०० सीएल४६ म्हणजे साधारण १६.४. आणि जुनी ३२०० सीएल१६ची डीडीआर४? तीही १० च. म्हणून डीडीआर४चा चांगला पीसी हाताशी असेल तर केवळ ‘५’ हा आकडा ऐकून बोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळं बदलायची घाई करू नका. डीडीआर५ची बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला डेटा वाहून नेण्याची क्षमता, नक्कीच मोठी आहे, पण प्रतीक्षेचा काळ आपोआप कमी होत नाही.

मग ७२०० का नको? एएम५वर, म्हणजे रायझन ७००० आणि ९००० मालिकेत, मेमरीचा वेग आणि प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरचा वेग बरोबरीने चालणं महत्त्वाचं असतं. साधारण ६००० पर्यंत ही बरोबरी सहज टिकते, काही प्रोसेसर ६४०० पर्यंत जातात. त्यापुढे बोर्ड कंट्रोलरला निम्म्या वेगावर आणतो आणि मोठ्या आकड्याचा फायदा तिथेच जिरतो. झेनटायमिंग्ज नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये एमसीएलके (मेमरीचा वेग) आणि यूसीएलके (कंट्रोलरचा वेग) हे दोन आकडे सारखे दिसले की गाडी रुळावर आहे. रायझन ५००० मालिकेत हीच गोष्ट डीडीआर४च्या ३६०० ला लागू होते.

प्रोसेसर ७८००एक्स३डीसारखा असेल तर आणखी हात आखडता घ्या. त्याच्याकडे ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच झटपट मेमरी) आहे, त्यामुळे त्याला रॅमकडे धाव घ्यावी लागते ती कमी वेळा. तिथे ६००० सीएल३६ आणि सीएल३० यांतला फरक शोधून काढावा लागतो. तेच पैसे ग्राफिक्स कार्डात घाला. २०२५ च्या अखेरीस एआय सर्व्हरांच्या मागणीमुळे रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या, त्यामुळे हा हिशेब आता जास्तच जपून करायला हवा.

रॅमचा वेग खरा उपयोगी पडतो तो प्रोसेसरवर ताण असताना: १०८० पिक्सेलवर, सेटिंग कमी ठेवून, व्हॅलोरंट किंवा सीएस२ जास्तीत जास्त एफपीएसने (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांनी) खेळताना. ४के खेळणाऱ्याला ग्राफिक्स कार्डच अडवतं; रॅम बदलून त्याला जवळपास काही मिळत नाही.

बोर्ड काय झेपवतो ते न बघणं

डीडीआर४ आणि डीडीआर५ स्टिकच्या कडेवरची फट वेगळ्या जागी असते, एक दुसरीच्या खाचेत बसत नाही. इंटेलच्या १२, १३ आणि १४ व्या पिढीचे काही बोर्ड डीडीआर४ घेतात, काही डीडीआर५; नाव जवळपास सारखं असल्याने ऑनलाइन मागवताना हमखास फसगत होते. स्वस्तातले एच६१० बोर्ड मेमरी ओव्हरक्लॉक करू देत नाहीत. त्यांवर ३६०० ची डीडीआर४ लावली तरी ती ३२०० च्या पुढे जाणार नाही. बी६६० किंवा बी७६० वर तसं बंधन नाही.

जुन्या सर्व्हरमधली ‘ईसीसी रजिस्टर्ड’ रॅम कमी भावात मिळते. नेहमीच्या गेमिंग बोर्डावर ती चालत नाही. आणि मोठा एअर कूलर असेल तर उंच, दिव्यांची रॅम त्याच्या पंख्याखाली बसेल का, ते मिलिमीटरमध्ये मोजून घ्या.

चार स्टिक, किंवा दोन वेगवेगळे सेट

चारही खाचा भरल्या की पीसी भारदस्त दिसतो. एएम५वर मात्र चार डीडीआर५ स्टिकसाठी एएमडी अधिकृतपणे फक्त ३६०० ची हमी देते. त्यापुढे चालल्या तर ते तुमचं नशीब. ६४ जीबी हवे असतील तर ३२ च्या दोन घ्या. तोच मॉडेल नंबर असलेला दुसरा सेट सहा महिन्यांनी आणला, तरी आतल्या चिप तशाच असतील याची खात्री नसते. कंपनी एका खोक्यातल्या स्टिकच एकमेकींबरोबर तपासते.

एक्स्पो लावलं आणि स्क्रीन काळी

आधी थांबा. डीडीआर५ बसवल्यावर किंवा प्रोफाइल बदलल्यावर बोर्ड मेमरीचं ट्रेनिंग करतो, म्हणजे रॅमशी वेग जुळवून बघतो, आणि त्याला काही मिनिटं लागू शकतात. पंखे फिरत असतात, डीरॅमचा छोटा दिवा पेटलेला असतो, चित्र नसतं. या वेळी मेन स्विच बंद करणं ही हमखास होणारी चूक आहे. पंधरा मिनिटांनीही काही आलं नाही तर पीसी बंद करा, वायर काढा, सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसची सेटिंग मूळ स्थितीत आणा: बोर्डावर बटण किंवा जंपर असतो, नाहीतर नाण्यासारखी बॅटरी काढून काही मिनिटांनी परत लावा. मग ए२ मध्ये एकच स्टिक, टक आवाज येईपर्यंत दाबून. चित्र आलं की बायोस अपडेट करा, दुसरी स्टिक लावा आणि प्रोफाइल पुन्हा लावून बघा. तरीही अडलं तर ६००० वरून ५६०० वर या.

रायझन ७००० वाल्यांनी बायोस आधी अपडेट करावाच. २०२३ मध्ये काही एक्स३डी प्रोसेसर जळाल्याच्या घटना घडल्या. एक्स्पो लावल्यावर एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणारं) वाढत होतं, त्यानंतरच्या बायोसमध्ये ते १.३ व्होल्टवर रोखलं गेलं.

आपल्याकडे स्टिक काढून पाय खोडरबराने घासायची जुनी सवय आहे. त्याने सोन्याचा पातळ थर झिजतो आणि रबराचा चुरा खाचेत जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड वापरा.

गेम मधूनच बंद पडतो

पीसी सुरू होतो, पण खेळताना गेम डेस्कटॉपवर फेकतो, कधी निळी स्क्रीन येते. इथे अंदाज बांधू नका. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ हा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा, एकदा प्रोफाइल लावून आणि एकदा काढून. दोन्ही वेळा चुका आल्या तर एकेक स्टिक, तीच खाच ठेवून, वेगळी तपासा. चूक जिच्याबरोबर येते ती स्टिक खराब आहे. फक्त प्रोफाइल लावल्यावर चुका येत असतील तर बहुधा वेग जास्त होतोय. एक पायरी खाली या. एक चूकसुद्धा चालवून घेऊ नका. बिघडलेली रॅम गेम पाडतेच, शिवाय सेव्ह होणाऱ्या फाइलीही गुपचूप खराब करते.

थंडीत पास झालेलं सेटिंग मे महिन्यात अकोल्या-नागपुरात नापास होऊ शकतं. डीडीआर५ स्टिकवरच व्होल्टेज सांभाळणारी चिप असते आणि तीही तापते. स्टिकचं तापमान एचडब्ल्यूइन्फो नावाच्या प्रोग्रॅममध्ये दिसतं. खेळताना ते बघा, आणि उन्हाळ्यात चाचणी पुन्हा करा.

दोन्ही चाचण्या स्वच्छ पास झाल्या आणि प्रोसेसर इंटेलचा १३ व्या किंवा १४ व्या पिढीचा वरच्या श्रेणीतला असेल, तर रॅम बदलायला धावू नका. या प्रोसेसरांत व्होल्टेजच्या दोषामुळे गेम पडत होते, ग्राफिक्स मेमरी कमी असल्याचा चुकीचा संदेशही येत होता. इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) दुरुस्त्या दिल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. नवा बायोस टाकून बघा, आणि तरीही गेम पडत असेल तर रॅमच्या नव्हे, प्रोसेसरच्या वॉरंटीसाठी अर्ज करा.