टोकामॅकची घनता-मर्यादा तपासताना या चुका टाळा

गांधीनगरजवळच्या भाटची प्लाझ्मा अनुसंधान संस्था बडोद्याहून तशी जवळ, त्यामुळे इथल्या एम.एस्सी.च्या मुलांच्या प्रकल्पांत तिथल्या 'आदित्य-यू' या टोकामॅकचे (प्लाझ्मा, म्हणजे तापून विद्युतभारित झालेला वायू, चुंबकीय क्षेत्राने कड्याच्या आकारात धरून ठेवणाऱ्या यंत्राचे) आकडे हमखास दिसतात. चुकाही ठरलेल्याच.

सगळ्यात मोठा घोळ त्रिज्येचा. ग्रीनवाल्ड मर्यादा (प्लाझ्मा किती दाट करता येतो, त्याची हद्द) म्हणजे प्लाझ्मातला प्रवाह मेगाअँपिअरमध्ये घ्यायचा आणि π गुणिले लहान त्रिज्येच्या (कड्याच्या नळीच्या त्रिज्येच्या) वर्गाने भागायचा. त्रिज्या मीटरमध्ये, उत्तर 10²⁰ प्रति घनमीटरच्या पटीत. 'आदित्य-यू'ची मोठी त्रिज्या 75 सेंमी, लहान 25. प्रवाह 150 किलोअँपिअर धरला तर मर्यादा येते सुमारे 7.6×10¹⁹. त्रिज्येऐवजी 50 सेंमीचा व्यास घातला की तीच 1.9×10¹⁹ होते, आणि 3×10¹⁹ चा बिचारा निरुपद्रवी शॉट (प्लाझ्माचा एक प्रयोग) 'मर्यादा ओलांडली' म्हणून अहवालात जातो!

सूत्रातली घनता रेषेवरची सरासरी असते, मध्यावरची कमाल नव्हे. इंटरफेरोमीटरच्या (प्लाझ्मातून किरण पाठवून घनता मोजणाऱ्या उपकरणाच्या) फेजवरून किरणाच्या वाटेवरची बेरीज मिळते. तिला वाटेच्या लांबीने भागायचं राहून जातं. आलेखात घनता एकदम पायरीसारखी चढली किंवा उतरली, तर आधी फ्रिंज (फेजचं एक पूर्ण आवर्तन) मोजायची चुकली का ते बघा.

शॉट डिसरप्शनने (प्लाझ्मा अचानक कोसळून) संपला की मिरनॉव्ह कॉइलवर (चुंबकीय क्षेत्रातले बदल टिपणाऱ्या वेटोळ्यावर) शेवटी फुगलेला 2/1 मोड, म्हणजे प्लाझ्मातली एक टेअरिंग अस्थिरता, दिसतो आणि सगळं खापर त्याच्यावर फुटतं. थोडं मागे जा. घनता वाढताना कडेची अशुद्धी जास्त ऊर्जा बाहेर फेकते, कड थंड पडते, तिथला रोध वाढतो, प्रवाह आत आक्रसतो. हा टेअरिंग मोड माजतो तो त्यानंतर. म्हणून बोलोमीटर (बाहेर पडणारी प्रारण-ऊर्जा मोजणारं उपकरण), कडेचा प्रकाश आणि कॉइल एकाच वेळअक्षावर लावा. ट्रिगर (मोजणी सुरू करणारे इशारे) वेगवेगळे असतील तर क्रमच उलटा दिसेल. गॅस बंद केला तरी घनता उतरत नाही? भिंतीत मुरलेला हायड्रोजन परत येत असतो. व्हॉल्व्ह बदलण्याआधी ग्लो डिस्चार्जने (विरळ वायूतल्या मंद विद्युतविसर्गाने) भिंत साफ झाली होती का, ते विचारा.

ही मर्यादा 1988 मध्ये प्रयोगांच्या आकड्यांवरून मांडली गेली. तिला निसर्गनियम समजू नका. अमेरिकेतल्या डीआयआयआय-डी टोकामॅकने ती सुमारे 20 टक्क्यांनी ओलांडून, ऊर्जा नीट धरून ठेवल्याचं 2024 मध्ये प्रसिद्ध झालं. स्टेलरेटरला (प्लाझ्मातल्या प्रवाहाऐवजी बाहेरच्या वळणदार वेटोळ्यांवर चालणाऱ्या यंत्राला) तर हे सूत्र लावूच नका. तिथे तापवायची शक्ती आणि प्रारण यांवर बरंच ठरतं. अहवालात घनता आणि मर्यादा यांचं नुसतं गुणोत्तर देऊ नका, शेजारी तापवण्याची शक्ती आणि भिंतीची अवस्थाही लिहा.