घरातील कोणत्या खोलीत ध्वनिमुद्रण करावे?

घरी गाणे किंवा वाद्य ध्वनिमुद्रित करायचे ठरले की पहिली चर्चा माइकच्या किमतीवर होते आणि खोलीचा विचार सर्वांत शेवटी येतो. वास्तविक माइक जितका चांगला, तितके खोलीचे दोष तो स्पष्ट टिपतो. खोली निवडताना एवढे ध्यानात ठेवावे की आतला प्रतिध्वनी चादरी-गाद्यांनी आवरता येतो, पण बाहेरून येणारा आवाज त्यांनी थांबत नाही. म्हणून आधी शांतता पाहावी, मग खोलीचे माप, आणि सामानसुमान त्यानंतर.

पहिली पायरी शांततेच्या चाचणीची. प्रत्येक खोलीत दारे-खिडक्या लावून, पंखा बंद करून, मोबाइलवर २ मिनिटे नुसती शांतता मुद्रित करावी आणि ती हेडफोन लावून ऐकावी. ज्या वेळी प्रत्यक्ष मुद्रण करणार आहोत त्याच वेळी ही चाचणी घ्यावी, कारण सोलापुरात वेळेप्रमाणे घराचा आवाज पार बदलतो: शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांची खटखट असते, नळाला पाणी येण्याच्या दिवशी गल्लीभर मोटारी चालू होतात, आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत तर मध्यवस्तीत मुद्रणाचा बेतच करू नये. पूर्व भागातील एका नातेवाइकांकडे मी एकदा रात्री हार्मोनियम मुद्रित केली. बसल्या जागी खोली अगदी शांत वाटत होती. घरी येऊन हेडफोन लावला तेव्हा प्रत्येक विरामात दोन गल्ल्यांपलीकडचा यंत्रमाग आपली स्वतंत्र लय धरून बसलेला आढळला. रोजच्या आवाजाची कानाला इतकी सवय होते की तो जाणवतच नाही. माइकला अशी सवय नसते.

या चाचणीत काही खोल्या लगेच बाद होतात. पत्र्याची खोली नकोच, कारण ऊन चढताना आणि उतरताना पत्रे कडकडतात आणि पावसात तर बोलायलाच नको. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत फ्रीजची घरघर येते. मुद्रणापुरता फ्रीज बंद ठेवता येतो, मात्र तो आठवणीने पुन्हा चालू करावा, नाही तर दूध नासल्याचा दोष संगीतावर येतो. याउलट जुन्या वाड्यातील माजघर हाताशी असेल तर ते सर्वांत आधी तपासावे. जाड दगडमातीच्या भिंती, लहान खिडक्या आणि वर तुळयांचे माळवद, यांमुळे बाहेरचा आवाज फारसा आत येत नाही आणि आतला आवाजही सपाट छतावर आपटतो तसा परतत नाही.

दुसरी पायरी मापाची, आणि इथे जरा थांबावे लागेल. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींतील अंतराच्या दुप्पट लांबीची लहर त्यांच्यामध्ये नेमकी बसते आणि तो सूर खोलीत फुगतो. १० फुटांवर असलेल्या भिंतींत हे सुमारे ५६ हर्ट्झला आणि त्याच्या पटींत घडते. खोली १० बाय १० फुटांची असून छतही १० फुटांवर असेल, तर तिन्ही दिशांनी तेच सूर फुगतात. अशी चौकोनी डब्यासारखी खोली सर्वांत वाईट. ८ फूट रुंदीच्या खोलीत दुसरी पट १४१ हर्ट्झच्या आसपास येते, आणि काळी एकचा (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) षड्ज १३८.६ हर्ट्झचा असतो, म्हणजे त्या पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा नेमका षड्जच तिथे घुमणार. आकडेमोड नको असेल तर खोलीत उभे राहून खर्जापासून हळूहळू वर ‘आ’कार लावत जावे. एखादा सूर जोर न लावता अचानक मोठा झाला, तर तो खोलीचा आहे, गळ्याचा नव्हे. हा घुमारा चादरीने जात नाही, म्हणून लांबी, रुंदी आणि उंची एकमेकींपासून वेगळ्या असलेली, शक्य तितकी मोठी खोली घ्यावी.

त्यानंतर टाळी. शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती असलेल्या दिवाणखान्यात एक टाळी वाजवली तर मागे धातूसारखा झणझणाट ऐकू येतो. तीच टाळी पलंग, कापसाची गादी आणि कपड्यांचे कपाट असलेल्या खोलीत कोरडी पडते. त्यामुळे बहुतेक घरांत निवड शेवटी झोपायच्या खोलीवर येते.

निवडलेल्या खोलीत माइक अगदी मधोमध किंवा कोपऱ्यात ठेवू नये. लांबीच्या साधारण एक तृतीयांशावर ठेवावा. एका दिशेने ऐकणाऱ्या माइकची पाठ खिडकीकडे करावी, म्हणजे गायकाचे तोंड खिडकीकडे येते. अनेक जण चादर माइकच्या मागे टांगतात. ती आधी गायकाच्या पाठीमागे हवी, कारण माइकचे तोंड त्या भिंतीकडे असते. सोलापुरी चादर जाड सुती असल्याने चांगली चालते, पण ती भिंतीला चिकटवून न लावता दोरीवर चुण्या पाडून, भिंतीपासून ४-६ इंच अंतरावर टांगावी. अंतरामुळे ती अधिक खालचे सूरही शोषते. खाली सतरंजी अंथरावी. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याच्या फंदात मात्र पडू नये. त्यांनी बाहेरचा आवाज अडत नाही आणि आतलाही नावापुरताच शोषला जातो.

उन्हाळ्यात दुपारी पंख्याशिवाय बंद खोलीत बसणे सोलापुरात कोणालाही जमणार नाही, म्हणून पहाटे ५ ते ७ ही वेळ धरावी. गाणे एका बैठकीत पूर्ण झाले नाही, तर उठण्यापूर्वी माइकच्या स्टँडच्या आणि बैठकीच्या जागी फरशीवर खडूने खुणा कराव्यात. जागा वीतभर हलली तरी दुसऱ्या दिवशीचा आवाज पहिल्याशी जुळत नाही, आणि अंतऱ्यापाशी तो जोड ऐकू येतो.