ग्रीक आणि जरथुष्ट्री पुराणांतील उद्दाम तरुणांची तुलना कशी करावी

उद्दाम तरुण म्हटले की ग्रीक बाजूला प्रथम फेथॉन आठवतो आणि अवेस्ता हा जरथुष्ट्री धर्मग्रंथ वाचलेला असेल तर जरथुष्ट्री बाजूला स्नाविधक. दोघांच्याही कथेत रथ आहे, दोघेही कोवळ्या वयात मारले जातात, त्यामुळे ही जोडी सहज जुळल्यासारखी वाटते. पण ती लगेच स्वीकारू नये. तुलनेची सुरुवात दोन्हीकडे दिसणाऱ्या एखाद्या वस्तूपासून न करता, त्या तरुणाने नेमकी कोणती मर्यादा ओलांडली किंवा ओलांडू पाहिली, या प्रश्नापासून करावी.

त्यासाठी आधी मूळ मजकूर जवळून वाचावा. स्नाविधक हा शिंगे असलेला, दगडी हातांचा राक्षस असून त्याचा प्रसंग अवेस्तातील झाम्याद यश्तात, म्हणजे एकोणिसाव्या यश्तात (यश्त म्हणजे स्तुतिस्तोत्र), अवघ्या काही ओळींत येतो. तो स्वतःच बोलतो. त्याच्या बोलण्याचा आशय असा : मी अजून लहान आहे, वयात आलेलो नाही, वयात आलो की पृथ्वीचे चाक करीन, आकाशाचा रथ करीन, स्पेंत मैन्यूला (सत्प्रवृत्त आत्म्याला) उजळ स्वर्गातून खाली आणीन, अंग्र मैन्यूला (दुष्ट आत्म्याला) भेसूर नरकातून वर काढीन आणि त्या दोघांना माझा रथ ओढायला लावीन, वीर केरेसास्पाने मला मारले नाही तर. आणि केरेसास्प त्याला मारतोच.

आता फेथॉनकडे पाहावे. त्याची सर्वांत विस्तृत कथा ओव्हिड या रोमन कवीने इ. स. 8 च्या सुमारास लिहिली. आपण खरोखर सूर्याचे पुत्र आहोत याची खूण म्हणून तो एक दिवस पित्याचा रथ हाकायला मागतो. पित्याने स्टिक्स या पाताळातील नदीची, देवांनाही न मोडता येणारी शपथ घेऊन वर दिलेला असतो, त्यामुळे त्याला नाही म्हणता येत नाही, तरी तो मुलाला परोपरीने विनवतो. रथातला भार नेहमीपेक्षा हलका आहे हे घोड्यांना जाणवते, ते वाट सोडतात, पृथ्वी होरपळते आणि अखेर वज्राच्या आघाताने मुलगा एरिडानस नदीत कोसळतो. येथे विश्वाचा ताबा घेण्याचा बेत कुठेच नाही. कुळाचा पुरावा मागणाऱ्या मुलाचा हट्ट आहे. दोन्ही कथांतील रथ सारखा दिसला तरी त्याचे काम वेगळे आहे, म्हणून माझ्या मते ही जोडी बाजूला ठेवावी.

स्नाविधकाचा खरा जोडीदार होमर या प्राचीन ग्रीक कवीकडे मिळतो. ‘ओडिसी’च्या अकराव्या सर्गात ओटस आणि एफियाल्टिस हे भाऊ येतात, नऊ वर्षांचे असतानाच ते नऊ हात रुंद आणि नऊ वाव उंच झालेले असतात. देवांचे घर असलेल्या ऑलिंपस पर्वतावर ओसा पर्वत आणि ओसावर पेलियन रचून आकाश गाठण्याचा त्यांचा बेत असतो. वयात आले असते तर त्यांनी तो तडीस नेला असता, असे होमर स्पष्ट म्हणतो. पण गालांवर लव फुटण्यापूर्वीच अपोलो त्यांना ठार करतो. दोन्ही परंपरांना येथे एकच धास्ती आहे : हे पोर मोठे झाले तर आवरणार नाही. जोडी जुळण्यासाठी एवढे खोल साम्य हवे.

साम्य पक्के झाले की मगच भेदाकडे वळावे आणि तेथे वेळ द्यावा. ग्रीक भावांना देवांच्या ठिकाणी चढायचे आहे. त्यांनी मोडलेली सीमा उंचीची आहे, खालच्याने वर जाऊ नये अशी. स्नाविधक मात्र सत्प्रवृत्त आणि दुष्ट अशा दोन्ही आत्म्यांना एकाच रथाला जुंपू पाहतो. जरथुष्ट्री विश्वाचा सारा अर्थ या दोघांच्या वेगळेपणावर उभा असल्यामुळे त्याची फुशारकी शक्तीच्या दर्पापलीकडे जाते. तीत सत् आणि असत् यांतला भेदच पुसला जातो. मारणारा कोण, हेही नोंदवावे. तिकडे देव मारतो, इकडे माणूस.

हा माणूसही तुलनेत घ्यावा, कारण उद्दामपणा फक्त मारल्या गेलेल्यांतच शोधणे ही अर्धी पाहणी ठरते. यस्ना या अवेस्तातील पूजाविधीच्या भागाच्या नवव्या अध्यायात केरेसास्प तरुण, कुरळ्या केसांचा, गदाधारी असा वर्णिला आहे. घोडे आणि माणसे गिळणाऱ्या शिंगवाल्या सापाच्या पाठीवर तो भर दुपारी लोखंडी भांडे ठेवून अन्न शिजवू लागतो. साप तापतो, घामाघूम होतो, उसळी मारून उकळते पाणी उलथवतो आणि शूर केरेसास्प घाबरून मागे पळतो. पुढे मध्य फारसी भाषेतील पेहलवी ग्रंथांत, अग्नीचा अपराध केल्यामुळे अडकलेला त्याचा आत्मा आपले पराक्रम सांगून क्षमा मागतो, अग्नी विरोध करतो आणि जरथुष्ट्र त्याच्यासाठी रदबदली करतो. फेथॉनसाठी बहिणी रडतात आणि त्यांची झाडे होतात, असे ओव्हिड सांगतो. केरेसास्पासाठी रडणे नाही, न्यायनिवाडा आहे, आणि काळाच्या शेवटी अझी दहाका या तीन तोंडांच्या राक्षसी सापाला मारण्यासाठी त्याला पुन्हा जागे केले जाणार आहे.

लिहिताना थर मिसळू देऊ नयेत. अवेस्ता, नवव्या शतकाच्या आसपासचे पेहलवी ग्रंथ आणि इ. स. 1010 मध्ये पूर्ण झालेला शाहनामा हे फिर्दौसीचे फारसी महाकाव्य यांच्यात मोठे अंतर आहे. होमर आणि ओव्हिड यांच्यातही सात-आठ शतकांचे. प्रत्येक तपशिलापुढे तो कोणत्या थरातला, हे लिहून ठेवावे.

पद्धत हाताशी बसली की वयाची अट सैल करून ग्रीक वीर बेलेरोफोन आणि काय ऊस हा इराणी पुराणांतील राजा यांच्या आकाशझेपा घेता येतात. पेगसस या पंख असलेल्या घोड्यावरून देवांच्या घरी निघालेला बेलेरोफोन खाली फेकला जातो. देन्कर्द या पेहलवी ग्रंथात काय ऊसला मारायला निघालेल्या नेर्योसंग या देवदूताला, अजून न जन्मलेल्या काय खुस्रोचा आत्मा अडवतो : याच्यापासून सियावश व्हायचा आहे आणि सियावशापासून मी, म्हणून याला मारू नकोस.